दूरगामीची घरघर

शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू आपल्या बायकोच्या हातचं आहे, असं आत्याचा नवरा चारचौघांत सांगायचा, आणि ते फारसं खोटंही नव्हतं. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक अरुंद खोली होती. तिथे बसून आत्या एकोणतीस वर्षं कवळ्या बनवत होती. पुढच्या खोलीतले डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचा ठसा घेऊन आत पाठवत. ठशावरून प्लास्टरचा साचा, साच्यावर मेणाच्या हिरड्या, हिरड्यांत एकेक दात, हे सगळं आत्याचं काम. माणूस तिला क्वचितच दिसे, दिसे तो त्याचा जबडा. पण तेवढ्यावरून ती सांगे, "हा झोपेत दात खातो," किंवा "ही बाई एकाच बाजूने चावते, दुसरीकडे दुखतंय काहीतरी." डॉक्टर बाहेर जाऊन विचारत, तर तसंच निघे.

ती सगळ्या जगाची आत्या झाली ती तिच्या भाच्यामुळे. हा भाचा शाळेत विज्ञान शिकवायचा आणि उरलेल्या वेळात 'दूरगामी मंडळ' चालवायचा. मंडळात चाळीसेक माणसं होती. महिन्यातून एकदा ती वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमत आणि एका जुन्या मालिकेवर तासन्‌तास बोलत.

एका मंगळवारी दुपारी भाच्याचा फोन आला.

"आत्या, बसली आहेस ना?"

"उभ्याने कवळी होत नाही रे. बोल."

"दूरगामी परत येतंय."

आत्याने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला होता, तो तसाच राहिला. समोर दिव्यावर धरलेली मेणाची पट्टी आधी मऊ झाली, मग वाकली, मग गळून टेबलावर पसरली. एकोणतीस वर्षांत तिच्या हातून मेण सांडलं नव्हतं.

"कप्तानही तोच आहे," भाचा म्हणाला. "ऐंशीचा झालाय, पण तोच. आत्या? रडतेस की काय?"

"मेण पुसतेय," आत्या म्हणाली.

'दूरगामी' हे एका अंतराळयानाचं नाव, आणि मालिकेचंही. आकाशाच्या एका टोकाकडून कुणाची तरी हाक ऐकू येते आणि अकरा माणसं ती हाक कुणाची हे शोधायला निघतात, एवढीच गोष्ट. एक्केचाळीस वर्षांपूर्वी दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला ती लागायची. सव्वीस भाग झाले आणि मालिका अचानक बंद पडली. यान कुठेच पोचलं नाही. हाक कुणाची तेही कळलं नाही. पुढे तर त्यातल्या नऊ भागांच्या फिती कुणीतरी पुसून त्यांवर स्वयंपाकाचे कार्यक्रम भरले. राहिले सतरा भाग. मंडळातल्या तरुण पोरापोरींनी पाहिले ते तेवढेच.

हरवलेले नऊ भाग फक्त आत्याकडे होते, एका दोनशे पानी वहीत. कोण काय बोललं, कुठे पाऊल वाजलं, कुठे दार सरकलं, सगळं तिने आठवून लिहून काढलं होतं. 'घरघर' हा शब्द त्या वहीत जागोजागी होता. यानाची ती खोल, अखंड घरघर. हरवलेल्यांतल्याच सतराव्या भागाखाली तर तिने दोन रेघा ओढून लिहिलं होतं: 'कप्तान म्हणतो, ऐका. घरघर थांबते. कुणीच बोलत नाही.' भाच्याने ती वही टाईप करून मंडळात वाटली, तेव्हा एका टपालवाल्या मुलीने सांगितलं, की हे वाचताना तिच्या अंगावर काटा आला आणि तिने घरातला पंखा बंद करून ते पुन्हा वाचलं.

मंडळात आत्याचा मान असा होता. आणि त्या मानाखाली एक गोष्ट दडपलेली होती, जी तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

आत्याने 'दूरगामी' कधी पाहिलंच नव्हतं.

लहानपणी त्यांच्या घरी टीव्ही नव्हता. टीव्हीने डोळे जातात, अभ्यास जातो आणि शेवटी पोरगी हातची जाते, अशी वडिलांची चढती भाजणी होती. टीव्ही होता शेजारी, बँकवाल्यांकडे. पण बँकवाल्यांशी गटाराच्या झाकणावरून अबोला होता. झाकण कुणाच्या हद्दीत, यावरून दोन्ही घरची मोठी माणसं सहा वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हती. त्यामुळे पलीकडे जायची सोय नव्हती. सोय होती ती भिंतीची. दोन्ही घरांत एकच भिंत होती आणि आत्याची खाट भिंतीलगत. लोक म्हणतात भिंतीला कान असतात. इथे अकरा वर्षांच्या पोरीने आपलाच कान भिंतीला दिला होता. सव्वीस गुरुवार ती पोट दुखल्याचं सोंग करून साडेसातला खाटेवर पडली आणि भिंतीला कान लावून अख्खं 'दूरगामी' ऐकलं.

मोठेपणी सतरा भाग पाहायची सोय झाली, तेव्हा तिने एकदा पाहायला घेतलं. पहिल्याच मिनिटाला एक पत्र्याचा बोळ दिसला. तो तिचा बोळ नव्हता. तिने टीव्ही बंद केला आणि घरात चोर शिरल्यासारखी बसून राहिली. तेव्हापासून मंडळात पडद्यावर काही लागलं, की आत्या हळूच चष्मा काढून डबीत ठेवायची. चष्म्याशिवाय तिला चार हातांपलीकडचं सगळं धुरकट दिसे. मंडळातल्यांना वाटे, आत्याचे डोळे भरून आलेत. एकट्या चष्मेवाल्या काकांना शंका आली होती. त्यांचं चौकात चष्म्यांचं दुकान होतं, आणि मंडळात आत्याच्या वयाचे तेवढेच.

"अहो आत्या," ते एकदा म्हणाले, "लोक सिनेमा बघायला चष्मा घालतात, तुम्ही काढता. नंबर उलटा पडला की काय?"

"कान मोकळे राहतात," आत्या म्हणाली. काकांनी मान डोलावली. लांबचं बघायचा चष्मा आणि कान यांचा संबंध लावायला त्यांना वेळ लागला असता.

मालिका परत येणार म्हटल्यावर भाच्याच्या अंगात वारं शिरलं. त्याने वही नव्या मालिकावाल्यांकडे पाठवून दिली, आत्याला न विचारता. आणि दीड महिन्याने चक्क उत्तर आलं. भाचा ते घेऊन धावतच दवाखान्याच्या मागच्या खोलीत आला. साच्यांच्या रांगेसमोर उभं राहून त्याने ते वाचून दाखवलं: मूळ मालिकेचा आवाज पुन्हा उभा करताना त्यांना या वहीचा फार उपयोग झाला. उरलेल्या फितींवर यानाची घरघर का कोण जाणे उमटलेली नाही. तरी वहीतल्या नोंदींवर विसंबून नव्या यानाला ती दिली आहे.

"नव्या यानाला तुझी घरघर दिलीय, आत्या. कळतंय का तुला?"

आत्याला कळत होतं. इतकं कळत होतं, की तिने हातातला दात खाली ठेवला. आकाशात जाणाऱ्या एका यानाच्या पोटात तिच्या खाटेवर ऐकलेला आवाज भरला होता. असं कुणाच्या वाट्याला येतं?

"आणि पहिला भाग आपण हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर बघायचा, रविवारी पाचला," भाचा पुढे म्हणाला. "तू पहिल्या रांगेत, मधोमध. टपालवाली तुझ्या चेहऱ्यावर कॅमेरा लावणार आहे. एक्केचाळीस वर्षांनी यान बघताना तुझा चेहरा कसा होतो, ते आम्हाला हवंय."

"माझा चेहरा काय बघायचाय?"

"ते नऊ भाग आठवणारी तू शेवटची साक्षीदार आहेस."

आत्याने खाली ठेवलेला दात उचलला आणि तो उलटसुलट करून बघत राहिली.

घरी नवऱ्याने पत्र वाचलं. तो बस डेपोत वेळापत्रकं लावायचा आणि शब्दांशी खेळायची त्याला खोड होती. "घरघर लागली म्हणजे शेवट जवळ आला असं आपल्यात म्हणतात," तो म्हणाला. "आणि ह्यांनी सुरुवातीलाच लावली."

"तुम्ही गप्प बसा."

"मी गप्पच आहे. घरघर तुझी आहे."

रविवारला दहा दिवस उरले होते, तेव्हा दवाखान्यात एक कवळी दुरुस्तीला आली. म्हाताऱ्या आईच्या हातून पडून दुभंगलेली. ती घेऊन आलेली बाई पुढच्या खोलीत डॉक्टरांशी बोलत होती आणि मधलं दार बंद होतं. आत्या साचा घासत होती. तिचा हात थांबला. आवाज दारातून गाळून येत होता, आणि तसा गाळलेला तो तिने लहानपणी भिंतीतून हजारदा ऐकला होता: "आई, सरक ना, मला दिसत नाहीये."

आत्याने दार उघडलं. "तुम्ही बँकवाल्यांच्या थोरल्या."

बाई दचकली. मग तिने आत्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अगं बाई. तू गटारवाल्यांची?"

"आम्ही तुम्हाला गटारवाले म्हणायचो," आत्या म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या, की डॉक्टर कागदपत्रं उचलून बाहेर गेले.

कवळी जुळेपर्यंत थोरली मागच्या खोलीत स्टुलावर बसली. इकडचं तिकडचं झालं. झाकण शेवटी नगरपालिकेने बदललं हेही झालं. मग आत्याने आयुष्यात पहिल्यांदा ती गोष्ट कुणाला तरी सांगितली, कारण भिंतीच्या पलीकडे हीच होती. खाट, कान, सव्वीस गुरुवार. "आणि ती घरघर," आत्या म्हणाली. "तिने तर छातीत घर केलंय माझ्या."

"कसली घरघर?"

"यानाची. पूर्ण भागभर चालायची ती."

थोरलीने जरा आठवलं. मग तिचा चेहरा पसरत गेला. "अगं, तो आमचा फ्रिज. टीव्हीच्या शेजारीच, भिंतीला टेकून. बाबा म्हणायचे, फ्रिज आणलाय की ट्रॅक्टर. सगळी भिंत थरथरायची."

"मधेच थांबायची ती."

"थांबायचाच तो. गार झाला की बंद पडायचा. सगळे फ्रिज थांबतात." थोरलीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "काय झालं गं? मी काही चुकीचं बोलले का?"

"नाही," आत्या म्हणाली. "तुमच्या आईला सांगा, आठ दिवस कडक काही चावू नका."

त्या दहा दिवसांत आत्याने एक दात उलटा बसवला आणि दोनदा भाजीत मीठ घातलं. फ्रिज. सतराव्या भागात कप्तान 'ऐका' म्हणाला आणि अकरा माणसं आकाशाच्या काठावर श्वास रोखून उभी राहिली, तेव्हा बँकवाल्यांचं दूध गार झालं होतं. आणि तेच आता जगभर दाखवणार होते. सांगायचं तर भाच्याची मान खाली जाणार, मंडळात हसं होणार, आणि वहीतल्या बाकीच्या आठ भागांवर तरी कोण विश्वास ठेवणार? न सांगायचं तर कॅमेऱ्यासमोर बसून, कधीच न पाहिलेलं पुन्हा बघितल्याचं तोंड करायचं. साक्षीदाराचं.

रविवारी दुपारी तिने नवऱ्याला सांगितलं. तो बूट घालत होता. एक बूट हातात धरून त्याने सगळं ऐकलं, आणि कधी नव्हे ते त्याला कोटी सुचली नाही.

"अठ्ठावीस वर्षं संसार करतेस माझ्याशी," तो अखेर म्हणाला, "आणि हे मला भिंतीपलीकडच्या बाईनंतर सांगतेस?"

"तुम्ही हसला असता."

"हसलो असतोच. पण आता तिथे ते चाळीस जण हसतील, त्यापेक्षा मी एकटा परवडलो नसतो का?" त्याने दुसरा बूट घातला. "चल. मी मागच्या रांगेत बसतो. फार झालं तर म्हणेन, घरी दूध उतू जातंय."

हॉल भरला होता. मंडळाचे चाळीस, त्यांचे घरचे, शाळेतली मुलं, मिळून शंभरावर माणसं. पहिल्या रांगेत मधोमध एक खुर्ची मोकळी आणि तिच्यासमोर तिकाटण्यावर टपालवालीचा कॅमेरा. पाचला वीस मिनिटं होती. भाच्याने माईक तिच्या हातात दिला. "आत्या, दोन शब्द. यान पहिल्यांदा पाहिलंस, तेव्हा काय वाटलं?"

आत्या उभी राहिली. "पहिल्यांदा अजून पाहायचंय," ती म्हणाली.

लोकांना वाटलं, ही नव्या यानाबद्दल बोलतेय. टाळ्या पडल्या. त्या संपेपर्यंत ती थांबली आणि मग तिने सांगितलं. वडील, गटाराचं झाकण, खाट, भिंत. चष्मा का काढते तेही. शेवटी फ्रिज. सांगताना तिचा आवाज कुठेही हलला नाही; मेणात दात बसवताना हात हलू द्यायचा नसतो, तसा.

मग टपालवालीने कॅमेऱ्यामागून विचारलं, "म्हणजे सतराव्या भागात जे थांबतं..."

"ते दूध गार झालं म्हणून."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळा हॉल हसला. आत्या उभी होती. भाचा मात्र हसला नाही. त्याचे कान लाल झाले होते. "आत्या, त्यांनी ते घेतलंय. त्यांनी वहीवर विसंबून..."

"मला माहीत आहे."

"तू मला तरी सांगायचंस."

"सांगायला हवं होतं. चुकलं माझं. उद्या बसून त्यांना पत्र लिहू. मी सांगते, तू लिही."

"काही लिहू नका," चष्मेवाले काका तिसऱ्या रांगेतून उठले. "मी पाहिलंय ते तेव्हा. स्वतःच्या डोळ्यांनी. यान म्हणजे पत्र्याचा डबा, वर तार लोंबायची, सगळ्यांना दिसायची. पण घरघर होती. मला लख्ख आठवतेय."

"काका, फितीवर नाहीये ती."

"फितीचं मला सांगू नका. आमच्याकडे तर फ्रिजही नव्हता." काकांनी वही तीनदा वाचली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. घरघर तिथूनच त्यांच्या कानात शिरली, हे एकट्या काकांना माहीत नव्हतं.

यावर आणखी हसू फुटलं, पण ते वेगळं होतं, घरातलं. ते ओसरल्यावर टपालवालीने कॅमेरा बंद केला आणि पुढे येऊन तिकाटण्याशेजारी जमिनीवरच बसली. "आत्या, मग तुम्हाला काय दिसायचं?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. कारण तिला काय दिसतं हे सगळे धरूनच चालले होते.

"सात पावलं वाजायची," आत्या म्हणाली, "आणि मग दार सरकायचं. म्हणून माझ्या यानातला बोळ सात पावलांचा. आठवं पाऊल मी कधी टाकू दिलं नाही कुणाला. कप्तान खिडकीपाशी गेला, की त्याचा आवाज जरा लांबून यायचा. म्हणजे खिडकी फार मोठी असणार, आवाज बाहेर सांडण्याएवढी. बाहेर काय आहे, ते कुणी बोलायचं नाही. तिथे पोचले, की सगळे गप्प व्हायचे. आमची भिंत चुन्याची होती, गार. कान गार पडायचा माझा. मला वाटायचं, हा गारवा तिकडचाच आहे, भिंत संपली की आकाश सुरू होतं. बँकवाले कुठे राहत होते मला माहीत नाही. पलीकडे बँकवाले नव्हतेच. पलीकडे फक्त काळोख, आणि त्यात ही अकरा माणसं, ज्यांना कुणीतरी हाक मारली होती. आणि त्यांच्या इतक्या जवळ मी, मधे वीतभर चुना. मी श्वाससुद्धा मोठा घेत नव्हते. त्यांना ऐकू जाईल म्हणून."

कुणी हसलं नाही. शाळेतल्या एका मुलीने शेजारच्या भिंतीला हात लावून पाहिला. मागच्या रांगेत आत्याचा नवरा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता, आणि अठ्ठावीस वर्षं शेजारी झोपणाऱ्या या बाईकडे एखाद्या पाहुणीकडे बघावं तसा बघत होता.

पाच वाजले. दिवे गेले. भाचा तिच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला, जरा रागाने, पण बसला.

आधी काळा पडदा आणि घरघर. "फ्रिज," कुणीतरी पुटपुटलं आणि एक हसू उठलं, पण ते उठल्याबरोबर बसलं, कारण आवाज मोठा होत खुर्च्यांमधून, पायांतून वर चढू लागला. शंभर माणसं त्या आवाजाच्या पोटात गेली. आत्याचा हात सवयीने चष्म्याकडे गेला आणि तिथून परत आला.

बोळ दिसला. तो सात पावलांचा नव्हता, चांगला लांबलचक होता. दिवे निळे होते. तिच्याकडे दिवे पिवळे होते. खिडकी मात्र खरंच मोठी होती, आणि तिच्यासमोर पाठमोरा एक म्हातारा उभा होता. तो वळला.

लोक डोळे बघतात. आत्याने तोंड पाहिलं. वरचे सगळे दात कवळीचे, हे तिला त्याने ओठ उघडताच कळलं.

"शोध," कप्तान म्हणाला, "अजून शिल्लक आहे."

त्या 'श'मधून बारीक वारा सुटला. तोच वारा. भिंतीतून चुना ओलांडून यायचा तो. आणि आता तो कुठून येतो, हे तिला दिसत होतं: समोरच्या दोन दातांत एक फट होती, दोरा जाईल एवढी. कवळीत फट कुणी ठेवत नाही. एकोणतीस वर्षांत तिच्याकडे कुणी फट मागितली नव्हती. सगळ्यांना मोत्यांसारखी सरळ रांग हवी असते. इथे कुणीतरी ती मुद्दाम राखली होती. कुठल्या तरी दवाखान्याच्या मागच्या खोलीत, मेणाने बोटं माखलेलं कुणीतरी आधी या माणसाचा आवाज नीट ऐकत बसलं होतं, आणि मग ऐकलेल्याला साजेसे दात त्याने एकेक करून बसवले होते. आवाज जाऊ नये म्हणून. आत्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"आत्या," भाचा राग विसरून कानाशी कुजबुजला, "यान कसं वाटलं?"

"यान नंतर बघू," आत्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "आधी त्याला बोलू दे."